रेकॉर्डिंग लावलं होतं, झालंच नाही: दोष गाइडमध्ये, तारेत की डिस्कमध्ये?

रात्री साडेआठची मालिका रेकॉर्डिंगला लावली, घरी येऊन यादी उघडली तर तिथे काहीच नाही. किंवा नाव आहे, पण चार मिनिटांत संपतं. किंवा पूर्ण तास भरलाय, पण मालिकेऐवजी भलताच कार्यक्रम. एकदा सुरू झालेली ही तक्रार आपोआप थांबत नाही, आणि बहुतेक घरांत तिच्यावर पहिला उपाय म्हणून सेटटॉप बॉक्स फॅक्टरी रीसेट केला जातो. हा उपाय अगदी शेवटचा आहे. रीसेटने लावलेले टायमर जातात, आवडत्या चॅनेलची यादी जाते, काही बॉक्समध्ये जुनी रेकॉर्डिंगही पुसली जातात, आणि मूळ दोष जिथल्या तिथे राहतो.

फसलेलं रेकॉर्डिंग नीट पाहिलं की दोष कुठे शोधायचा ते कळतं. यादीत नावच नसेल तर बॉक्सला वीज, वेळ किंवा टायमर यांपैकी काहीतरी मिळालेलं नाही. नाव आहे पण सुरुवात किंवा शेवट कापलेला असेल तर गाइडमधली (पडद्यावर दिसणाऱ्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकातली) वेळ आणि प्रत्यक्ष प्रक्षेपण यांत फरक पडलाय. दरवेळी जवळपास त्याच मिनिटाला तुटत असेल तर डिस्क किंवा तिचं फॉरमॅट. मधेमधे चौकोन पडून चित्र थिजत असेल तर छत्री आणि तार. एक रेकॉर्डिंग चालू असताना दुसरी चॅनेल गायब होत असतील तर एलएनबीपासून, म्हणजे छत्रीच्या तोंडावरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागापासून, आलेली केबल. म्हणून काहीही हलवण्याआधी यादीतलं रेकॉर्डिंग चालवून पाहा आणि ते किती मिनिटांचं झालंय हे कागदावर लिहून ठेवा. तीन-चार दिवसांची नोंद असली की निम्मं काम झालं.

यादीत नावच नाही

सर्वांत जास्त वेळा हेच घडतं आणि त्याचं कारण बहुधा भिंतीवरच्या बटणात असतं. झोपताना किंवा बाहेर पडताना टीव्हीचं मेन बटण बंद करण्याची आपल्याकडे सवय आहे. टीव्हीपुरती ती चांगलीच, पण त्याच बोर्डावर बॉक्स असेल तर तोही पूर्ण बंद होतो. संगणकात घड्याळ चालू ठेवणारी छोटी बटण-बॅटरी असते, तशी सोय बहुतेक सेटटॉप बॉक्समध्ये नसते. वीज परत आल्यावर किती वाजले हे बॉक्सला ठाऊक नसतं. ती वेळ त्याला उपग्रहाच्या किंवा केबलच्या सिग्नलमधूनच मिळते.

रिमोटवरच्या लाल बटणाने बंद केलेला बॉक्स स्टँडबायला जातो. समोरचा दिवा लाल होतो, पडद्यावर काही दिसत नाही, पण आत घड्याळ चालू असतं, गाइड भरत असतं आणि टायमरची वेळ झाली की बॉक्स स्वतः उठतो. रेकॉर्डिंग हवं असेल तर बॉक्स याच अवस्थेत ठेवायचा. विजेचा हिशोब करून पाहा: साधा बॉक्स १० वॅट घेतो असं धरलं तर दिवसाला ०.२४ युनिट, महिन्याला साधारण ७ युनिट. आत फिरणारी डिस्क असेल आणि १५ वॅट लागत असतील तर महिन्याला ११ युनिटच्या आसपास. रेकॉर्डिंगची ही किंमत आहे आणि ती आधीच मान्य केलेली बरी. टीव्ही आणि बॉक्स वेगवेगळ्या बटणांवर घ्या आणि बॉक्सच्या बटणावर रंगीत चिकटपट्टी लावा. घरात चार माणसं असतील तर चौघांनाही सांगावं लागतं.

काही बॉक्समध्ये स्टँडबायचेही दोन प्रकार असतात: साधा आणि वीज वाचवणारा, ज्याला सेटिंगमध्ये इको किंवा डीप स्टँडबाय म्हटलेलं असतं. वीज वाचवणाऱ्या प्रकारात टायमर चालला तरी गाइड रात्रभर भरत नाही, आणि काही बॉक्समध्ये टायमरही चालत नाही. साधा प्रकार निवडा.

जिथे लाइट वारंवार जाते तिथे बॉक्स इन्व्हर्टरच्या लाइनवर घेणं हाच खरा इलाज. पण त्यातही एक अडचण येते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरने भार उचलेपर्यंतच्या क्षणात बॉक्स बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि त्या एक-दोन मिनिटांत रेकॉर्डिंगचे दोन तुकडे होतात. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला यूपीएस मोडचं छोटं बटण असतं. ते त्या बाजूला केलं की बदल इतक्या झटकन होतो की बॉक्सला कळतही नाही. बॉक्सचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएसही चालू शकतो. फक्त त्यावर लिहिलेले अँपिअर अडॅप्टरवरच्या आकड्याइतके किंवा जास्त हवेत, आणि पिनेची जाडी व ध्रुव (अधिक-उणे) जुळले पाहिजेत.

वीज चालू आहे, तरी टायमर हुकतोय? मग बॉक्समधली वेळ मनगटावरच्या किंवा मोबाइलच्या घड्याळाशी जुळवून पाहा. सिग्नलमधून येणारी वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि बॉक्स तीत साडेपाच तास मिळवतो. डीटीएच कंपनीच्या बॉक्समध्ये हे आपोआप होतं. फ्री डिशसाठी बाजारातून घेतलेल्या बॉक्समध्ये किंवा टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरमध्ये (चॅनेल पकडणाऱ्या भागात) मात्र विभाग हाताने निवडावा लागतो. रात्री ८ ची मालिका गाइडमध्ये दुपारी अडीचला दिसत असेल तर फरक शून्यावर राहिलाय. अर्ध्या तासाचा फरक असेल तर कुणीतरी +५ किंवा +६ निवडलंय. +५:३० करा, उन्हाळी वेळ बंद ठेवा आणि वेळ 'ऑटो'वर ठेवा.

आणखी एक कारण चटकन लक्षात येत नाही. गाइडमध्ये चॅनेल दिसतं, टायमरही लागतो, पण ते चॅनेल तुमच्या पॅकमध्ये आता नसतं. पॅक बदलला किंवा दर बदलले की चॅनेल आत-बाहेर होतात आणि गाइड ते सांगत नाही. टायमर लावण्याआधी ते चॅनेल एकदा प्रत्यक्ष लावून पाहा. रिचार्ज संपून पुन्हा केला असेल तर बॉक्स अर्धा तास तरी चालू ठेवा आणि एखाद्या सशुल्क चॅनेलवर राहू द्या. परवानगीचा संदेश सिग्नलमधूनच येतो आणि भिंतीवरून बंद असलेल्या बॉक्सला तो मिळत नाही.

गाइड कोरं, अर्धवट किंवा चुकीचं

गाइडच बरोबर नसेल तर त्यावर आधारलेलं रेकॉर्डिंगही बरोबर होणार नाही, म्हणून या भागाकडे जास्त लक्ष द्या. गाइड बॉक्समध्ये साठवलेलं पुस्तक नसतं. ते सिग्नलमधून सतत फिरत येत असतं आणि बॉक्स ते गोळा करत राहतो. डीव्हीबीच्या, म्हणजे डिजिटल प्रक्षेपणाच्या प्रमाणित, पद्धतीत त्याचे दोन भाग असतात. पहिला म्हणजे चालू कार्यक्रम आणि त्यानंतरचा. ही माहिती दर दोन सेकंदांच्या आत पुन्हा पाठवावी अशी शिफारस आहे, त्यामुळे ती चॅनेल लावल्याबरोबर दिसते. दुसरा म्हणजे पुढच्या काही दिवसांचं वेळापत्रक. ते मोठं असतं आणि गोळा व्हायला वेळ लागतो.

यावरून एक सोपी परीक्षा होते. 'आत्ता' आणि 'पुढे' दिसतंय पण उद्याचं दिसत नाही, तर सिग्नल ठीक आहे. बॉक्सला वेळापत्रक गोळा करायला वेळ मिळालेला नाही. त्याला रात्रभर स्टँडबायला ठेवा आणि सकाळी बघा. 'आत्ता'ही दिसत नसेल आणि एकाच चॅनेलवर असं असेल, तर वाहिनीकडून किंवा सेवेकडून माहितीच येत नाहीये. तिथे बॉक्स कितीही चाळला तरी उपयोग नाही, तक्रारच करावी लागेल. पाच-सहा चॅनेलवर मिळून नसेल आणि त्याच चॅनेलचं चित्रही अधूनमधून अडखळत असेल, तर ती चॅनेल बहुधा एकाच ट्रान्सपाँडरवर (उपग्रहावरच्या, अनेक चॅनेल एकत्र पाठवणाऱ्या एका प्रक्षेपकावर) आहेत आणि त्या ट्रान्सपाँडरचा सिग्नल तुमच्याकडे कमजोर आहे. सगळीकडेच कोरं असेल तर वेळ, सॉफ्टवेअर किंवा बॉक्सची भरलेली स्मृती यांपैकी काहीतरी.

सगळीकडे कोरं असल्यावर हा क्रम पाळा. बॉक्स स्टँडबायला न्या, मग भिंतीवरून बंद करून दोन मिनिटं थांबा. दहा सेकंदांत पुन्हा चालू केलं तर आतल्या कपॅसिटरमधली वीज पूर्ण उतरत नाही आणि जुनी स्मृती तशीच राहू शकते. चालू केल्यावर पंधरा मिनिटं एकाच चॅनेलवर राहा. तरी कोरंच असेल तर सेटिंगमध्ये सॉफ्टवेअर अपडेट बघा. त्यानंतर चॅनेल पुन्हा शोधा, पण शोधण्याआधी सिग्नलची गुणवत्ता बघून घ्या. कमजोर सिग्नलवर शोध घेतला तर होती ती चॅनेलही जातील. आणि मग रात्रभर स्टँडबाय. या क्रमाने गेलात तर रीसेटची वेळ सहसा येत नाही.

अँड्रॉइड बॉक्समध्ये चित्र छत्रीतून येतं आणि गाइडची चित्रं व माहिती बरीचशी इंटरनेटवरून. वायफाय बंद असेल तर गाइड जुनंच राहतं आणि चॅनेल मात्र नीट दिसतात, त्यामुळे कारण सापडत नाही. तारीख-वेळ 'नेटवर्कवरून' घ्यायला सांगा, लाइव्ह टीव्हीच्या अ‍ॅपची कॅशे पुसा. 'डेटा' पुसू नका. त्यात तुमचे टायमर आणि आवडती यादी असते.

केबलच्या बॉक्समध्ये गाइड कोरं असेल तर आधी शेजाऱ्यांकडे बघा. त्यांच्याकडेही कोरं असेल तर दोष वरच्या नियंत्रण कक्षात किंवा केबलवाल्याच्या लाइनमध्ये आहे. फक्त तुमच्याकडे असेल तर घरातला स्प्लिटर तपासा. एका तारेवर तीन टीव्ही चालवण्यासाठी लावलेला दहा-वीस रुपयांचा स्प्लिटर हे नेहमीचं कारण. केबलवाल्याकडे मीटर असतो. बॉक्सजवळ सिग्नलची पातळी साधारण ५० ते ६५ डेसिबल-मायक्रोव्होल्टच्या दरम्यान आहे का, ते त्याला मोजायला सांगा. फार जास्त पातळीही वाईटच असते, हे लक्षात असू द्या.

गाइड वापरायला सोपं करणं हे वेगळं काम आहे, आणि त्यात दहा मिनिटं घातली तर रोजचा त्रास वाचतो. ट्राय या दूरसंचार व प्रसारण नियामकाच्या २०१७ च्या आंतरजोडणी नियमांनुसार एका प्रकारची चॅनेल गाइडमध्ये लागोपाठ असावी लागतात, त्या प्रकारात एका भाषेची चॅनेल एकत्र असावी लागतात आणि चॅनेलचा क्रमांक किमान एक वर्ष बदलता येत नाही. म्हणून मराठी मनोरंजन, मराठी बातम्या, मराठी चित्रपट हे गट तुम्हाला वेगवेगळ्या ठिकाणी पण सलग सापडतील. त्यांतली रोजची आठ-दहा चॅनेल आवडत्या यादीत घाला आणि गाइड त्याच यादीवर उघडेल असं ठेवा. एकाच वाहिनीचं एचडी आणि एसडी अशी दोन्ही रूपं असतील तर एकच ठेवा. नाहीतर घरातलं एक माणूस एचडीवर टायमर लावतं, दुसरं एसडीवर, आणि दोन ट्यूनर एकाच मालिकेत अडकतात.

सुरुवात कापली, शेवट गेला

गाइडमधली वेळ आधी ठरलेली असते, प्रक्षेपण मात्र जाहिरातींप्रमाणे मागेपुढे होतं. सेटिंगमध्ये आधी व नंतर किती मिनिटं जास्त घ्यायची ते ठरवता येतं. मालिकांसाठी आधी २ आणि नंतर ५ मिनिटं पुरतात. चित्रपटाला नंतर १५. क्रिकेटला एवढ्याने भागत नाही. सामना लांबला तरी गाइड बहुधा हलत नाही, म्हणून सामन्याच्या पुढचा कार्यक्रमही रेकॉर्डिंगला लावून ठेवा. वीस षटकांच्या सामन्याला मागे एक तास, एकदिवसीय सामन्याला दीड तास मोकळा ठेवलेला बरा.

पण ही जादा मिनिटंच पुढची अडचण तयार करतात. आठची मालिका एका चॅनेलवर, साडेआठची दुसऱ्यावर आणि त्याच वेळी घरात कुणी तिसरं चॅनेल बघतंय. ८:२८ ते ८:३५ या सात मिनिटांत बॉक्सला तीन ट्यूनर हवेत. बॉक्समध्ये दोनच असतील तर एक टायमर गळतो, किंवा पडद्यावर 'रेकॉर्डिंग रद्द करायचं का' असा प्रश्न येतो आणि टीव्ही बघणारा माणूस घाईत 'हो' दाबतो. लागोपाठच्या कार्यक्रमांना जादा मिनिटं शून्य ठेवा. दोन्ही कार्यक्रम एकाच चॅनेलवर असतील तर दोन टायमर लावण्याऐवजी ८ ते ९:०५ असा एकच हाताने लावलेला टायमर द्या.

मालिकेचे सगळे भाग एकदाच लावायची सोय चांगली आहे, पण ती गाइडमधल्या नावावर किंवा मालिकेच्या क्रमांकावर चालते. रविवारी महाएपिसोड आला की गाइडमध्ये त्याचं नाव बदललेलं असू शकतं: 'विशेष', 'महासोहळा', 'दोन तासांचा भाग' अशी काहीतरी जोड लागते आणि बॉक्सला ती वेगळी मालिका वाटते. तो भाग रेकॉर्ड होत नाही, आणि नेमका त्याच भागात कथेला वळण असतं. शनिवारी रात्री गाइडमध्ये रविवारचं बघून महाएपिसोड वेगळा लावा. उलट दिशेची तक्रारही येते: सकाळचं आणि दुपारचं पुनःप्रक्षेपणही त्याच नावाने येतं आणि डिस्क एकाच भागाच्या तीन प्रतींनी भरते. 'फक्त नवे भाग' असा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर मालिकेचा टायमर काढून सोमवार ते शनिवार ठराविक वेळेचा हाताने लावलेला टायमर ठेवा. त्याची मर्यादा एवढीच की वाहिनीने मालिकेची वेळ बदलली तर तो जुन्याच वेळेला उठेल, आणि यादीत पूर्ण अर्ध्या तासाचं भलतंच रेकॉर्डिंग सापडेल. नवी मालिका सुरू होते त्या सोमवारी आसपासच्या मालिकांच्या वेळा सरकतात. त्या आठवड्यात टायमर पुन्हा तपासा.

एक रेकॉर्ड होतंय तर दुसरी चॅनेल दिसत नाहीत

ही तक्रार ऐकून कित्येक बॉक्स बदलले जातात आणि नव्या बॉक्सवरही तेच होतं, कारण दोष छतावरून येणाऱ्या तारेत असतो. छत्रीच्या तोंडावरच्या एलएनबीला बॉक्सच वीज पाठवतो: साधारण १३ व्होल्ट पाठवले की उभ्या ध्रुवणाची (ज्यांच्या लहरी उभ्या दिशेत कंपतात ती) चॅनेल, १८ व्होल्ट पाठवले की आडव्या ध्रुवणाची. एका तारेवर एका वेळी यांपैकी एकच गट येऊ शकतो. रेकॉर्डिंग उभ्या गटातल्या चॅनेलचं चालू असेल तर त्याच तारेवरून आडव्या गटातलं काहीही मिळत नाही. म्हणून दोन ट्यूनरच्या बॉक्सला जुळा एलएनबी लागतो आणि त्यापासून दोन स्वतंत्र तारा बॉक्सपर्यंत याव्या लागतात.

परीक्षा अशी: एका चॅनेलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि गाइडमधल्या इतर चॅनेलवर एकेक करत जा. जवळपास निम्मी चॅनेल 'सिग्नल नाही' म्हणत असतील आणि रेकॉर्डिंग थांबवताच परत येत असतील, तर कारण हेच. बॉक्सच्या मागे बघा. एकच तार येऊन स्प्लिटरने दोन केलेली असेल तर बसवणाऱ्याने दुसरी तार वाचवली आहे. स्प्लिटर काढून दुसरी तार ओढावीच लागेल. काही बॉक्सना एकाच तारेवर अनेक ट्यूनर चालवणारा खास एलएनबी मिळतो, पण तो बॉक्सच्या सॉफ्टवेअरला मान्य असावा लागतो. सेवेला विचारल्याशिवाय बाजारातून आणू नका.

डिस्क आणि पेन ड्राइव्ह

बॉक्समध्ये डिस्क नसेल आणि यूएसबीवर रेकॉर्डिंग करत असाल तर अर्ध्याहून जास्त तक्रारी इथेच निघतात. आधी जागेचा हिशोब. मेगाबिट प्रतिसेकंदाला ०.४५ ने गुणलं की तासाला लागणारे जीबी मिळतात. ८ मेगाबिटचं एचडी चॅनेल तासाला ३.६ जीबी घेतं, २ मेगाबिटचं एसडी ०.९ जीबी. म्हणजे ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर एचडीचे आठेक तास, ५०० जीबीच्या डिस्कवर सव्वाशेच्या आसपास. शेवटची १५ टक्के जागा मोकळी ठेवा. डिस्क काठोकाठ भरली की बॉक्स नवं रेकॉर्डिंग सुरू करून मधेच सोडतो, किंवा सर्वांत जुनं आपोआप पुसतो. जपून ठेवायचं रेकॉर्डिंग असेल तर त्याला 'ठेवा' किंवा कुलपाची खूण करा.

एचडी रेकॉर्डिंग दरवेळी ७० मिनिटांच्या आसपास थांबत असेल तर पेन ड्राइव्ह एफएटी-३२ फॉरमॅटमध्ये आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा (संगणकाच्या मोजणीत, म्हणजे सुमारे ४.३ अब्ज बाइटपेक्षा) मोठी होऊ शकत नाही, आणि वरच्या हिशोबाने ८ मेगाबिटला तेवढी जागा सुमारे ७१ मिनिटांत भरते. चांगले बॉक्स तिथे आपोआप दुसरी फाइल सुरू करतात, साधे बॉक्स थांबतात. ड्राइव्ह बॉक्समधूनच फॉरमॅट करा. तो स्वतःला हवं ते फॉरमॅट निवडतो. त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला ड्राइव्ह बॉक्सला कधीही लावू नका. कित्येक बॉक्स '२ टीबीपेक्षा मोठी डिस्क' ओळखत नाहीत, म्हणून मोठी डिस्क घेण्याआधी माहितीपुस्तिका बघा.

थोड्या वेळाने डिस्कमधून टिक-टिक असा आवाज, तिचा दिवा क्षणभर विझणं, कधी बॉक्सच पुन्हा सुरू होणं ही लक्षणं वीज कमी पडण्याची आहेत. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ठरलेल्या मर्यादेप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात, आणि अडीच इंची डिस्क फिरायला लागताना क्षणभर त्याच्या दीडपट-दुप्पट मागते. स्वतःचा अडॅप्टर असलेली साडेतीन इंची डिस्क वापरा किंवा वीज जोडलेला यूएसबी हब मधे घाला. काही बॉक्स हब ओळखत नाहीत. मग दोन तोंडांची यूएसबी केबल, जिचं दुसरं तोंड मोबाइलच्या चार्जरला लावता येतं. बॉक्सचा स्वतःचा अडॅप्टर चार-पाच वर्षांचा झाला असेल तर तोही तपासा. रेकॉर्डिंग चालू असताना मल्टिमीटरवर १२ व्होल्टचा अडॅप्टर ११.४ च्या खाली जात असेल तर बदला.

पेन ड्राइव्हवर थेट प्रक्षेपण थांबवून मागे नेण्याची सोय चालू ठेवू नका. ती चालू असली की बघत असलेलं चॅनेल सतत लिहिलं जातं, आणि एचडीला ते दिवसभरात ८६ जीबी होतं. साधा पेन ड्राइव्ह एवढ्या लिखाणाने लवकर झिजतो, गरम होतो आणि एक दिवस फक्त वाचण्यापुरता उरतो. रेकॉर्डिंगचं काम रोजचं असेल तर डिस्कच घ्या.

रेकॉर्डिंग संगणकावर का चालत नाही, हा नेहमीचा प्रश्न. ते त्या बॉक्सच्या किल्लीने कुलूपबंद केलेलं असतं. दुसऱ्या बॉक्सवर, अगदी त्याच कंपनीच्या बॉक्सवरही ते उघडत नाही, आणि बॉक्स बदलून मिळाला की जुनी रेकॉर्डिंग गेली असंच समजावं. बॉक्स परत देण्याआधी जे बघायचंय ते बघून घ्या. रिचार्ज संपल्यावर जुनी रेकॉर्डिंग उघडत नाहीत याचंही कारण हेच. टीव्हीच्या आतल्या ट्यूनरवर फ्री डिश बघून टीव्हीच्या यूएसबीवर केलेलं रेकॉर्डिंगही बहुधा त्याच टीव्हीवर चालतं.

आणि उष्णता. बॉक्सवर विणलेला रुमाल, वर देवाचा फोटो, खाली डीव्हीडी प्लेअर, सगळं शोकेसच्या बंद कप्प्यात, अशी मांडणी घरोघरी असते. आत डिस्क फिरत असताना उष्णतेला वाट मिळत नाही. वरून चार बोटं आणि दोन्ही बाजूंनी दोन बोटं जागा मोकळी सोडा, रुमाल काढा.

चौकोन, थिजलेलं चित्र आणि पावसाळा

रेकॉर्डिंग फक्त जून ते सप्टेंबरमध्ये बिघडत असेल तर बॉक्सला हात लावू नका. डीटीएचचा सिग्नल केयू बँडमधला, १० ते १३ गिगाहर्ट्झच्या दरम्यानचा, आणि जोराच्या पावसात तो शोषला जातो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर मुसळधार सरीत काही मिनिटं सिग्नल जाणं टाळता येत नाही. पण रिमझिम पावसातही जात असेल तर छत्री आधीपासूनच थोडी हललेली आहे आणि उन्हाळ्यात ते लपलं होतं. कोरड्या दिवशी गुणवत्तेचा आकडा लिहून ठेवा. ताकदीचा आकडा महत्त्वाचा नाही, गुणवत्तेचा हवा. बसवताना असलेल्या आकड्यापेक्षा तो बराच खाली आला असेल तर छत्री पुन्हा लावून घ्या. ६० सेंटिमीटरच्या जागी ९० सेंटिमीटरची छत्री लावली तर पृष्ठभाग सव्वादोन पट होतो आणि जोराच्या सरीतही बराच वेळ तग धरते. जास्त पावसाच्या भागात हा खर्च आम्हाला योग्य वाटतो.

छत्री हलली नसेल तर तारेचं टोक बघा. एलएनबीजवळचा एफ-कनेक्टर हाताने फिरवून काढा. मधली तांब्याची तार काळी किंवा हिरवट झाली असेल तर पाणी शिरलंय. बाहेरच्या जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या तारेला टेकत असेल तर रेकॉर्डिंग वाऱ्याच्या झुळुकीबरोबर तुटतं. बॉक्स भिंतीवरून बंद करून मगच हे करा. टोक चार इंच कापून नवा कनेक्टर लावा, त्यावर रबरी टोपी घाला आणि तार एलएनबीपासून थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता खालच्या वळणावरून टपकेल.

मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर काही दिवस दिवसा ठराविक वेळी पाच-दहा मिनिटं चित्र गेलं तर काहीच करू नका. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा गोंगाट छत्रीत भरतो. आठवड्याभरात ते आपोआप थांबतं.

तक्रार करायची वेळ आली तर

ग्राहक सेवेला फोन लावण्याआधी पुढच्या गोष्टी जवळ ठेवा: बॉक्सचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती, बिघडलेल्या तीन रेकॉर्डिंगची चॅनेल, तारखा, ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष झालेली मिनिटं, कोरड्या हवेतला गुणवत्तेचा आकडा, आणि बॉक्सच्या मागे किती तारा लागल्यात ते. 'रेकॉर्डिंग होत नाही' एवढंच सांगितलं तर समोरून रीसेट करायला सांगतील. 'एक रेकॉर्डिंग चालू असताना उभ्या गटातली चॅनेल राहतात आणि आडव्या गटातली जातात' असं सांगितलं तर तंत्रज्ञ सोबत दुसरी तार घेऊनच येईल. रीसेट करावाच लागला तर आधी टायमरच्या आणि आवडत्या चॅनेलच्या पडद्यांचे मोबाइलने फोटो काढा, यूएसबी डिस्क काढून ठेवा, आणि रीसेटच्या पर्यायात 'डिस्क फॉरमॅट' वेगळी खूण म्हणून दिली असेल तर ती काढा.